अर्ध्या चेहऱ्याची उमेदवारी

कोपरखैरणे गावात पूर्वी असे म्हणत की, धर्मराजशेठला भेटायचे असेल तर मान वर करावी आणि त्यांच्या बायकोला भेटायचे असेल तर खाली वाकावे. शेठ विजेच्या खांबावर असत, फ्लेक्सच्या बॅनरवर हात जोडून. बायको त्याच खांबाच्या बुंध्याशी फुटपाथवर पाट मांडून मासळी विकत असे. आजूबाजूच्या सोसायट्यांतल्या बायका कोळंबी निवडता निवडता एकमेकींना सांगत, "चार मजल्यांची मालकीण आहे ही. बसते चिखलात. हौस, दुसरं काय." गावातल्या बायका इतके बोलत नसत. त्या एवढेच म्हणत की पुतळाबायच्या तोंडाला लागू नये, लागलेच तर घरी येऊन निदान रडू नये.

पुतळाबाय दिवाळे गावची. बेलापूरच्या खाडीवर बाप होडी घालायचा, आई मासळी विकायची. लग्न होऊन ती कोपरखैरण्याला आली तेव्हा सासरची शेती नव्या शहरासाठी सरकारकडे जाऊन बराच काळ लोटला होता. जमिनीच्या बदल्यात मिळालेल्या भूखंडावर इमारत उभी राहत होती. त्या इमारतीत आता भाडेकरू राहतात आणि धर्मराजशेठ राहतात. भाडे आपोआप येते. आपोआप येणाऱ्या गोष्टीने माणसाचे काय होते, ते पुतळाबायने नवऱ्याच्या रूपाने रोज पाहिले, आणि म्हणूनच की काय, सासूने सांगितले, मुलाने विनवले, तरी तिने पाटी सोडली नाही. सकाळी दिवाळ्याच्या बंदरावर जायचे, मासळी घ्यायची, रिक्षाने परत यायचे आणि खांबाखाली बसायचे.

धर्मराजशेठ मात्र 'भावी नगरसेवक' होते. हे त्यांचे कामही होते आणि पदही. महापालिकेची मुदत संपली, निवडणूक लांबली, पुन्हा लांबली, वर्षांमागून वर्षे गेली. पण शेठच्या भावीपणाला धक्का लागला नाही. गणपती आला की बॅनर, दहीहंडी आली की बॅनर, एखाद्या नेत्याच्या पुतण्याला मुलगा झाला तरी बॅनर. पावसाळ्यानंतर चांगला जिताडा लागला की तो घरी शिजत नसे, बर्फात घालून कुठल्यातरी साहेबांच्या बंगल्यावर जाई. बॅनरवरचा फोटो एकच होता, काळ्याभोर केसांचा. खांबाखालून जाणाऱ्या खऱ्या शेठचे गाल ओघळले, हनुवटीखाली पिशवी आली, तरी वरचे शेठ जागचे हलले नाहीत. नवीन भाडेकरूंना वाटे, तो शेठचा मुलगा असावा.

अखेर निवडणूक जाहीर होण्याची चिन्हे दिसू लागली. आरक्षणाची सोडत निघाली आणि ज्या जागेवर शेठनी डोळा ठेवला होता ती महिलांसाठी राखीव झाली. गावात त्या दिवशी बरेच पुरुष घरी गेले आणि त्यांना आपल्याला बायको असल्याचे आठवले. शेठही घरी आले. पुतळाबाय बोंबलाची टोपली धूत होती.

"पुतळे, तुना उभं राहायचं हाय."

"उभीच हाय."

"निवडनुकीला बोलतो मी."

"आनि तुमी?"

"मी हाय ना मागं. तू नुसती पुढं."

तिने टोपली पालथी घातली. नवऱ्याला वाटले, ही आता हसेल. ती हसली नाही. फुटपाथवर बसणाऱ्या बायकांची पाटी अतिक्रमणाच्या गाडीत फेकली जाताना तिने इतक्या वेळा पाहिली होती, आणि ती सोडवायला इतक्या वेळा वॉर्ड ऑफिसच्या पायऱ्या चढली होती, की तिथल्या खुर्चीवर कोण बसते आणि कोण नुसते हात जोडते, हे तिला नवऱ्याहून अधिक ठाऊक होते. तिला मासळी बाजार हवा होता. पक्के ओटे, नळाचे पाणी, वर छप्पर. याहून जास्त काही तिने आयुष्यात मागितले नव्हते आणि इतकेही तिला कोणी दिले नव्हते.

"मी राहीन," ती म्हणाली. "पन मासळी बाजार पयला. ते कबूल असंल तर."

"कबूल," शेठ म्हणाले. ते पुष्कळ गोष्टी कबूल करत असत.

तिकीट मिळवायचे तर आधी दिसावे लागते, हा या शहराचा अलिखित कायदा. ज्याचे बॅनर नाहीत तो मेला आहे किंवा सज्जन आहे, आणि पक्षाला दोघांचाही उपयोग नसतो. शेठचा मुलगा तेजस बॅनर छापायचाच धंदा करत असे. त्याने आईचा फोटो संगणकावर मोठा केला आणि बराच वेळ तोंडावर हात धरून बसला. उन्हात, वाऱ्यात, खारट पाण्यात गेलेल्या त्या चेहऱ्यावर लपवण्यासारखे काही नव्हते. तीच अडचण होती.

"आई, राग मानू नको. बॅनरला फेस लागतो. हा फेस जरा... खाली गेलाय."

"मीच बसते खाली. तो वर कसा जानार?"

सून प्रिया ऐरोलीच्या एका कंपनीत नोकरीला होती. तिच्या ऑफिसातल्या दोघी-तिघी वाशीच्या एका क्लिनिकमध्ये जाऊन आल्या होत्या. "सुई नाही आई, कापाकापी नाही. अल्ट्रासाऊंड असतं. त्यानं स्किन वर जाते."

"अल्ट्रासाऊंड बाळंतिनीचं असतं."

"हे वेगळं. तासाभरात होतं. तुम्ही फक्त झोपायचं."

पुतळाबायने नवऱ्याकडे पाहिले. शेठ छताकडे पाहत होते. तिकिटासाठी हेही करावे लागेल, असे त्यांच्या मानेवरून दिसत होते. ज्याने स्वतःचा चेहरा दहा वर्षे खांबावर जपून ठेवला त्याला बायकोचा चेहरा तासभर झोपवून वर नेणे हा सरळ व्यवहार वाटत असला तर नवल नाही.

चौघे मिळून क्लिनिकला गेले. तिथे पांढरी फुले होती, ती प्लॅस्टिकची. दारावर डॉक्टरांचे नाव होते, आत डॉक्टर नव्हते. ईश्वरी नावाची, कोट घातलेली एक मुलगी होती. ती मूळची कराडकडची असावी. घाईत असली की तिच्या बोलण्यात तिकडचा हेल येई आणि लगेच ती तो आवरून घेई. तिने पुतळाबायला 'मॅडम' म्हटले आणि कोमट हिरवा चहा दिला. पुतळाबायने तो घोटभर घेऊन कप प्रियाच्या हातात दिला.

आधी फोटो झाला. हा फोटो काढण्याचीही एक कला आहे. दिवा मालवायचा, माणसाला हसू द्यायचे नाही, कॅमेरा जरा खालून धरायचा. कोणीही माणूस अशा फोटोत आजारी दिसतो. मग ईश्वरीने संगणकावर तोच चेहरा आणला, बोटाने इथे ओढला, तिथे पुसला, आणि पडद्यावर चाळिशीच्या आतली एक गोरी, गुळगुळीत बाई बसली.

"मॅडम, हा तुमचा आफ्टर."

"अजून काय केलंच नाय तर आफ्टर कुठून आला?"

"अंदाज असतो मॅडम."

तेजसने मात्र तो अंदाज ताबडतोब आपल्या मोबाईलवर मागून घेतला.

इलाज काय आहे, हे पुतळाबायने विचारले. ईश्वरीला बहुधा हा प्रश्न कोणी विचारत नसावे. तिने पाठ केलेले बोलायला सुरुवात केली, अडखळली, आणि मग साध्या शब्दांत सांगितले. तेवढे मात्र तिने बरे सांगितले.

"लहानपणी भिंगानं कागद जाळायचो बघा. ऊन सगळीकडं असतं, पण कागद जळतो तो एका ठिपक्याला. तसंच. आवाजाच्या लाटा, कानाला ऐकू न येणाऱ्या. त्या वरच्या कातडीतून नुसत्या पार होतात, तिला काही होत नाही. आत तीन मिलिमीटरवर, साडेचारवर एका बिंदूत जमतात. तिथं एकदम उष्णता होते. सर्जन लोक चेहरा उचलायला कापून जो पडदा ओढतात ना, तिथपर्यंत. तिथले धागे आकसतात. मग शरीराला वाटतं इथं जखम झाली, आणि ते नवीन धागे विणायला घेतं. कोलॅजेन. म्हणून चेहरा घट्ट होतो."

"सुका बोंबील निखाऱ्यावर टाकला की आकसतो तसा."

"तसंच म्हणा."

"म्हनजे भाजनार तुमी, आनि शिवनार माझं अंग."

ईश्वरीने जेलची बाटली उघडली. "हो. तसं आहे."

यात खोटे काही नव्हते, हे इथे सांगितले पाहिजे. यंत्र खरे होते, उष्णता खरी होती, धागेही खरेच विणले जातात. लबाडी यंत्रात नसते. थोड्या सैल झालेल्या कातडीला थोडा ताण देणारी ही गोष्ट. पण 'थोडे' या शब्दावर वाशीत दुकान चालत नाही. म्हणून दारावरच्या जाहिरातीत आज्या मुली होतात आणि आतल्या मुलीला ते हसतमुखाने निभावावे लागते.

गालाला थंड जेल फासले. ईश्वरीने यंत्राचा दांडा जबड्यावर टेकवला. खट् आवाज झाला आणि आत कुठेतरी तापलेल्या तारेचे टोक लागल्यासारखे झाले. मग पुन्हा, रेघेरेघेने. गालाच्या मांसल भागावर ते सोसवे. हाडावर आले की दाढांत कळ जाई. पुतळाबायने डोळे मिटले नाहीत. खेकड्याने बोट धरले तरी ती ओरडत नसे. बाजूला बसलेले शेठच प्रत्येक खटक्याला तोंड वाकडे करत होते.

क्लिनिकची एक रीत होती. आधी चेहऱ्याची एकच बाजू करायची आणि मग गिऱ्हाइकाच्या हाती आरसा द्यायचा. झालेल्या बाजूशेजारी न झालेली बाजू दिसली की माणूस उरलेले पैसे आनंदाने देतो. डावी बाजू झाली. ईश्वरीने आरसा दिला.

डावा गाल लालसर, किंचित तुकतुकीत दिसत होता. ओठाचा डावा कोपरा केसभर वर गेला होता. उजवी बाजू जशी होती तशी.

"बघा मॅडम. लगेच फरक."

"हा सुजलाय."

"थोडी सूज असते. चार दिवसांत उतरते. खरा रिझल्ट मग हळूहळू. शरीर विणायला वेळ घेतं ना. अडीच-तीन महिन्यांत पूर्ण दिसतो."

पुतळाबायने आरसा खाली ठेवला आणि मुलाकडे पाहिले. "तेजस, मतदान कंदी?"

तेजस मोबाईलमध्ये तोंड घालून बसला. सगळ्या नवी मुंबईला ठाऊक होते की फार तर दीड महिना.

"तिकीट कंदी?"

"आठवड्यात मुलाखती आहेत," शेठ पुटपुटले.

"म्हनजे लोक मत टाकून घरी जानार, मंग माझं तोंड वर जानार." ती उठली आणि पदराने जेल पुसू लागली. "हे तुमच्यातल्या एकानं तरी विचारायचं होतं, आधी."

ईश्वरी घाबरली. "मॅडम, एकच बाजू झालीय. उजवी राहिली तर चेहरा सारखा दिसणार नाही."

"राहू दे पोरी. आमच्या घरात कामं अर्धीच सोडतात, शेठना विचार."

शेठनी तिला विचारू दिले नाही. त्यांनी बिल दिले आणि जाताना दारावरच्या जाहिरातीखाली उभे राहून स्वतःची हनुवटी चाचपली. पुतळाबायने ते पाहिले आणि रिक्षाला हात केला. काही गोष्टींना बोलण्याचाही मान द्यायचा नसतो.

दोन दिवसांनी दत्तजयंती होती. तेजसने वाट पाहिली नाही. ज्या खांबांवर बाप होता त्या सगळ्या खांबांवर त्याने आई चढवली. 'भावी नगरसेविका सौ. पुतळाताई यांच्यातर्फे हार्दिक शुभेच्छा.' फोटो क्लिनिकच्या संगणकातला. चाळिशीच्या आतली ती गुळगुळीत बाई नऊवारी नेसून, नाकात मोठी नथ घालून, गावाकडे मायेने पाहत होती. कोपऱ्यात लहानसे शेठ हात जोडून उभे होते, तिच्याहून बरेच थोराड.

खांबाखाली मासळीच्या पाटाशी सगुणा बसे, पुतळाबायची जुनी शेजारीण. तिने वर पाहिले, खाली पाहिले, पुन्हा वर पाहिले.

"काय गो पुतळाबाय, शेठनी दुसरी केली?"

"कोनी सांगितलं?"

"सांगायला कशाला पायजे? टांगलीय की. नाव पन तुझंच ठेवलंय तिला. आधार कार्डाचा खर्च वाचला."

पलीकडच्या बायका हसल्या. पुतळाबायही हसली, पण हसताना तिचा डावा गाल हलेना, उजवाच हलला. सगुणा हसायची थांबली. "तुझ्या तोंडाला काय झालं गो?"

हा प्रश्न गावभर फिरला आणि संध्याकाळपर्यंत खाडीच्या कडेकडेने दिवाळ्याला पोहोचला. धर्मराजने दुसरी बायको केली, ती खांबावर लावली आणि पहिलीला सांगताना दोनदा हातही उचलला, असा त्याचा आकार झाला होता. दुसऱ्या दिवशी पुतळाबायचे दोघे भाऊ आले. मासेमारी करणारे, कमी बोलणारे लोक. ते दिवाणखान्यात सोफ्यावर न बसता भिंतीशी खाली बसले. प्रियाने पाणी आणले, ते त्यांनी बाजूला सरकवले. बहिणीच्या घरच्या पाण्याला हात लावायचा नाही, म्हणजे भांडण गंभीर आहे, हे दिवाळ्यात लहान पोरालाही कळते.

"दाजी," थोरला म्हणाला, "ती कोन?"

"कोन ती?"

"खांबावरली."

शेठ हसले. हसणे चुकले, हे त्यांना लगेच उमगले. "अरे, ती पुतळाच हाय."

"पुतळाला आमी वळखतो. आमची बहीन हाय."

"अरे, फोटो जरा बनवलाय. पुतळे, बाहेर ये गो, सांग यांना."

पुतळाबाय पीठ मळता मळता बाहेर आली. भावांनी तिच्याकडे पाहिले. सुजलेला, लाल, न हलणारा डावा गाल पाहिला. धाकटा सावकाश उठला.

"म्हनजे मारलं पन हाय."

"मारलं कुठं रे. मशीन लावली तिच्या तोंडाला."

यानंतर शेठ जे काही बोलले त्याने त्यांची बाजू अधिकच बिघडली. बायकोच्या तोंडाला मशीन लावणारा माणूस दिवाळ्यात कोणी ऐकला नव्हता. शेवटी पुतळाबायनेच सगळे सांगितले. आवाजाच्या लाटा, आतले भाजणे, अर्धे सोडून आलेली बाजू, सगळे. भाऊ ऐकत राहिले. ऐकून झाल्यावर थोरल्याने पाण्याचा तांब्या उचलला, प्याला, आणि म्हणाला, "मारलं असतं तर बरं होतं. निदान समजलं असतं."

मुलाखतीच्या दिवशी सूज बरीच उतरली होती, पण दोन बाजू अजून एकमेकींच्या नात्यातल्या वाटत नव्हत्या. वाशीतल्या एका हॉलमध्ये इच्छुकांच्या रांगा होत्या. महिलांच्या जागांसाठी आलेल्या बायका खुर्च्यांवर गप्प बसल्या होत्या आणि त्यांचे नवरे, दीर, सासरे त्यांच्या वतीने घामाघूम होत होते. पक्षाचे निरीक्षक शहाजीराव नावाचे, सातारा भागातून आलेले गृहस्थ होते. त्यांच्यासमोर फाईल होती आणि फाईलवर बॅनरचा फोटो टाचलेला होता.

ओट्यांबद्दल, अतिक्रमणाच्या गाडीबद्दल, पावसाळ्यात तुंबणाऱ्या गटाराबद्दल पुतळाबायने आदल्या रात्रीपासून मनाशी जुळवून ठेवले होते. तिकीट तिला हवे होते. नवऱ्याला हवे होते त्याहून अधिक हवे होते, आणि हे त्या खोलीत कोणाच्याही ध्यानात आले नाही. शहाजीरावांनी पहिला प्रश्न विचारला तो शेठना. दुसरा विचारला तोही शेठना. शेठनी प्रत्येक वेळी "ताईंचं म्हणणं असं आहे की" अशी सुरुवात करून स्वतःचे म्हणणे सांगितले. मासळी बाजार त्यात कुठेच आला नाही.

पुतळाबायने तोंड उघडले. "साहेब, कोपरखैरन्याच्या बायकांना बसायला ओटा नाय. मी आले ती..."

"ते सगळं होईल, ताई," शहाजीराव हसून म्हणाले. मग त्यांची नजर फोटोवरून तिच्या चेहऱ्यावर गेली आणि परत आली. अर्ध्या चेहऱ्याची हकीकत त्यांच्याही कानावर आली होती. "तिकीट तुम्हालाच, असं धरून चाला. वर मी बोलतो. फक्त एवढं करा. ती दुसरी बाजू पूर्ण करून घ्या, म्हणजे बॅनरवरच्या बाई आणि तुम्ही सारख्या दिसाल. आणि प्रचारात बोलायचं काम शेठ करतील. तुम्ही नुसतं हात जोडायचे आणि हसायचं. लोकांना ती बाई पसंत पडलीय."

शेठनी मान डोलावली. सोबत आलेल्या प्रियाने सासूच्या गुडघ्यावर हात ठेवला. एक शब्द 'हो' म्हटला असता तर तिकीट पदरात होते, आणि हे पुतळाबायला त्या खोलीतल्या सगळ्यांइतकेच कळत होते.

तिकीट पुढे प्रियदर्शिनी नावाच्या, एका बांधकाम व्यावसायिकाच्या मुलीला मिळाले. तिचा चेहरा मुळातच गुळगुळीत होता आणि ती भाषणात काही बोलली नाही. कोपरखैरण्याच्या बायका अजून फुटपाथवरच बसतात. धर्मराजशेठ जो भेटेल त्याला सांगतात की बायकोच्या जिभेने घर बुडवले, एवढी चालून आलेली गोष्ट गेली. शहाजीरावांना तिने दिलेले उत्तर ते दर वेळी थोडे सौम्य करून सांगतात. ते जसे दिले तसे असे होते:

"ती फोटोतली बाई पसंत हाय ना, मंग तिकीट तिलाच द्या. गटार तुंबलं की लोकांना पन तिच्याच दारात पाठवा. मी काय तिची जागा धरून बसायला आले नाय. उठा ओ शेठ, माझी मासळी उन्हात हाय."